काळी यादी: पत्र न वाचताच परत

दोन महिन्यांपूर्वी एका परिषदेच्या आयोजकांना मी माझ्या निबंधाचा गोषवारा ईमेलने पाठवला. मुदत संपायला एक दिवस उरला होता. दोन मिनिटांत ईमेल परत! सोबत ५५० हा आकडा आणि एक ओळ: पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत आहे. चौकशी केल्यावर कळलं की आमच्याच सर्व्हरवरच्या कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला होता आणि त्या खात्यातून रात्रभर स्पॅम सुटत होता. म्हणजे यादी खोटं बोलत नव्हती. तरीही माझं पत्र चुकीचं अडवलं गेलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, यातच काळ्या याद्यांचा सगळा वाद आहे.

आधी यंत्रणा बघू. ईमेल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता उलटा लिहितो. समजा पत्ता १९२.०.२.१५ आहे, तर १५.२.०.१९२ लिहून त्यापुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. १२७.०.०.२ असं काही उत्तर आलं, तर पत्ता यादीत आहे. 'असं नाव नाही' असं आलं, तर यादीत नाही. बस्स, एवढंच. पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी १९९७ मध्ये अशी यादी सुरू केली. आज बहुपरिचित असलेली स्पॅमहाउस ही संस्था १९९८ पासूनची.

फायदा उघड आहे. मजकूर आणि जोडलेल्या फाइली उतरवून घेण्याच्या आतच निर्णय होतो, त्यामुळे सर्व्हरवरचा भार वाचतो. स्पॅम पाठवणारा मजकुरातले शब्द रोज बदलू शकतो, पण रोज नवीन पत्ते मिळवणं त्याला महाग पडतं. दुसरा फायदा कमी बोलला जातो: इथे नकार तोंडावर मिळतो. ईमेल परत आला, म्हणूनच मी दुसऱ्या खात्यावरून तो मुदतीत पाठवू शकलो. तोच समोरच्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये गुपचूप पडला असता, तर मी निर्धास्त झोपलो असतो.

आता तोटा. 'आमची यादी फारच क्वचित चुकते' असा दावा नेहमी केला जातो. तो खरा मानू. समजा, एका सर्व्हरवर येणाऱ्या १००० खऱ्या पत्रांपैकी फक्त २ चुकून अडतात (आकडे फक्त समजण्यासाठी). ऐकायला उत्तम. पण मजकूर तपासणारी चाळणी चुकते, तेव्हा आज माझं एक पत्र अडतं, उद्या तुमचं. यादी चुकते, तेव्हा एकाच पत्त्यावरून येणारं प्रत्येक पत्र अडतं, नाव काढेपर्यंत रोज. या चुका विखुरलेल्या नसतात, साचलेल्या असतात. सरासरी टक्केवारीत हे दिसतच नाही.

आणि त्या साचतात कुठे? स्वस्त होस्टिंगवर, जिथे एका पत्त्यावर अनेक संस्था राहतात. काही याद्या तर शेजारचे २५६ पत्ते एकदम टाकतात. मोठ्या ईमेल कंपन्यांच्या सर्व्हरवरूनही स्पॅम येतो, पण त्यांना सरसकट अडवायची हिंमत सहसा कुणी करत नाही, कारण मग आपलेच लोक ओरडतील. फटका लहानांना.

दुसरी अडचण जबाबदारीची. यादीवाले म्हणतात, आम्ही फक्त मत देतो. सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, यादीत नाव होतं. मग दाद मागायची कुणाकडे? काही याद्या नाव काढायला पैसे किंवा देणगी मागत आल्या आहेत. २०१२ च्या आरएफसी ६४७१ या दस्तऐवजाने या पद्धतीची तुलना थेट खंडणीशी केली आहे.

यादीवर डोळे मिटून विसंबल्यावर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे ओआरडीबी. ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला 'हो, यादीत आहे' असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि त्या सर्व्हरवर येणारे सगळेच ईमेल परत जाऊ लागले. सव्वा वर्षात आपली सेटिंग कुणी उघडूनही पाहिली नव्हती!

मग याद्या फेकून द्यायच्या का? माझ्या मते नाही. पण यादी ही साक्ष आहे, निकाल नव्हे. स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीत उत्तराचा शेवटचा आकडा कारण सांगतो: २ म्हणजे स्पॅमचा माहीत असलेला स्रोत, ४ म्हणजे ताब्यात गेलेलं यंत्र, १० किंवा ११ म्हणजे ज्याने थेट ईमेल पाठवूच नये असा, बहुधा घरगुती जोडणीचा पत्ता. हे तीन वेगळे आरोप आहेत. खरं तर तिसरा आरोपही नाही. ते वेगळे वाचावेत. खात्रीच्या यादीवरून दारातच नकार द्यावा, पण कारण सांगून. बाकीच्या याद्यांना, स्पॅमअसॅसिन करतं तसे, फक्त गुण द्यावेत आणि मजकूर बघूनच ठरवावं.

आमच्या सर्व्हरचं नाव चार दिवसांनी निघालं. त्या चार दिवसांत आणखी कुणाकुणाची पत्रं अडली, याची नोंद कुठल्याच टक्केवारीत नाही.