पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्या आणि त्यांचीं प्रदर्शनें

मुंबई-गोवा महामार्गावरील पाली (जि. रत्नागिरी) येथून दक्षिणेस गेल्यास कुडाळाजवळ पिंगुळी हें गांव लागतें. आज तें सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें, ता. १ मे १९८१ पूर्वीं रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. तेथील ठाकर या आदिवासी जमातीच्या चित्रकथ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पोथ्या प्रदर्शनांतून ज्या रीतीनें मांडल्या जातात, ती रीत आम्हांस सदोष वाटते.

चित्रकथ्याची पोथी अक्षरांवांचून असते. फूट-सव्वा फुटाचे सुटे कागद, पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं दोन दोन चित्रें, आणि एका आख्यानाचीं अशीं कित्येक पानें मिळून एक संच. कथेकरी एकेक पान पुढें धरून वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर आख्यान गातो. संहिता त्याच्या मुखीं असते. रामायण-महाभारतांतील या कथा वाल्मीकि-व्यासांशीं सर्वत्र जुळत नाहींत, आणि संशोधकास त्यांचें मोल त्यामुळेंच अधिक. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त आहे, तेव्हां हा प्रघात अर्वाचीन म्हणतां येणार नाहीं. सावंतवाडीच्या भोसल्यांनीं त्यास आश्रय दिला होता.

आतां दालनांतील मांडणी पाहावी. संचांतून एक पान काढावयाचें, चौकटींत बसवावयाचें व काचेआड टांगावयाचें, हा रिवाज होऊन बसला आहे. पाठीमागचें चित्र भिंतीकडे तोंड करून राहतें; आधींचें पान कोणतें, पुढचें कोणतें, याचा मागमूस उरत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतींतील एक पान सुटें करून कोणीं दिवाणखान्यांत लावलें, तर आमचे वाचक त्यास काय म्हणतील?

नांवाचा घोटाळा निराळाच. पैठणच्या बाजूस अशा धाटणीचीं चित्रें सांपडलीं म्हणून ‘पैठणी चित्रें’ हें नांव सरसकट रूढ झालें. प्राप्तिस्थान तेंच निर्मितिस्थान, असें नाण्यांच्या बाबतींत कोणी म्हणूं धजणार नाहीं. पुण्याच्या आपल्या संग्रहांत कै. दिनकर केळकर यांनीं अशीं चित्रें जपलीं, हें ऋण मोठेंच. ते ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करीत; चित्रकार मात्र खरोखरच अज्ञातवासी राहिले.

ठाणें भागांतील वारल्यांच्या वांट्यास याहून निराळें आलें. भास्कर कुलकर्णी यांनीं जिव्या सोमा म्हसे यांना कागद व रंग दिले, १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड दालनांत त्यांचीं चित्रें लागलीं, १९८९ मध्यें तीं पॅरिसच्या पोंपिदू केंद्रांत गेलीं, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. (त्यांचें निधन २०१८ मध्यें झालें.) दालनानें कर्त्याचें नांव चित्राखालीं लिहिलें, हा लाभ लहान नव्हे. परंतु लग्नाचा चौक काढणाऱ्या सुवासिनींचीं नांवें त्या फलकांवर क्वचितच आलीं.

पिंगुळीस परशुराम गंगावणे यांनीं आपल्या गोठ्याचें संग्रहालय केलें. तेथें पोथ्या, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या एकत्र पाहावयास मिळतात, आणि चित्रापाशीं कथाही ऐकूं येते. त्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. जागा आटोपशीर, पण मांडणी मोठ्या दालनांनीं गिरवावी अशी. तेथील चित्रकार विक्रीसाठीं सुटीं चित्रें काढतात, त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. भिंतीसाठींच काढलेलें चित्र खुशाल भिंतीवर जावें, मात्र खालीं चित्रकाराचें नांव असावें. जुन्या संचांची गोष्ट वेगळी.

ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें आहेत, त्यांनीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत, कडेच्या खुणा उतरून ठेवाव्यात, आणि तीं पिंगुळीच्या गाणाऱ्यांपुढें मांडावींत. विस्कटलेलीं पानें क्रमानें लावून देणारे तेच आहेत.