आल्कमारचा ऑर्गन : मालकी व मूळ पाठ

हॉलंडांतील आल्कमार येथील सेंट लॉरेन्सच्या थोरल्या चर्चमधील नित्याची उपासना विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली. आतां तेथें जलसे, प्रदर्शनें व मेजवान्या होतात. यामुळें तेथील दोन जुने ऑर्गन पोरके झाले, असें म्हणण्याकडे सहज कल होतो. परंतु हें मत पुराव्यास उतरत नाहीं.

प्रथम शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. आपल्या संगीत रंगभूमीवरील ऑर्गनांत स्वर धातूच्या पट्ट्यांतून निघतो. येथें भात्याची हवा लहानमोठ्या असंख्य नळ्यांत शिरून स्वर उमटतो. हें वाद्य जागच्या जागीं उभारलेलें असतें, आणि दगडी पोकळींत घुमणारा नाद हा त्याचाच भाग होय. वास्तु गेली कीं अर्धें वाद्य गेलें.

लहान ऑर्गन यान फान कोव्हेलेन्स यानें १५११ सालीं, म्हणजे कॅथलिक अमदानींत, बांधिला. पुढें शहर सुधारक पंथाकडे गेलें. कॅल्विनपंथी उपदेशकांना उपासनेंत वाद्य नको होतें. तथापि डच नगरांत ऑर्गन नगरसभेच्या मालकीचे असत व वादक तिचे नोकर असत. म्हणून वाद्यें मोडलीं गेलीं नाहींत, तीं उपासनेबाहेर नागरिकांकरितां वाजत राहिलीं. ॲम्स्टरडॅमचा प्रख्यात वादक स्वेलिंक (मृत्यु १६२१) हाही असाच नगराचा सेवक होता. स्तोत्रगायनास ऑर्गनची साथ असावी, असें प्रतिपादण्यासाठीं हॉयखेन्सला १६४१ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. यावरूनच ती साथ तेव्हां सर्वमान्य नव्हती हें उघड होतें. तेव्हां श्रोत्यांसाठीं वादन ही आजची नवलाई नसून जुनी वहिवाट आहे.

दुसरा प्रश्न मूळ पाठाचा. थोरला ऑर्गन फान हागेरबेर घराण्यानें १६४६ च्या सुमारास पुरा केला. १७२३ ते १७२५ या काळांत फ्रान्स कास्पर श्निट्गर यानें तो आमूलाग्र बदलला, मात्र जुन्या नळ्यांपैकीं कांहीं कायम ठेविल्या. उत्तम वाद्य बिघडविलें असा आक्षेप निघाला, व वादक हाविंगा यानें १७२७ च्या आपल्या ग्रंथांत बदलाचें समर्थन केलें. १९८० नंतरच्या दशकांतील जीर्णोद्धारांत १७२५ ची अवस्था प्रमाण धरण्यांत आली.

हा निर्णय आम्हांस ग्राह्य वाटतो. श्निट्गरचा थर क्षेपक म्हणून खरवडला असता, तर हाती १६४६ चा पाठ न येतां आधुनिक कारागिराचें अनुमान आलें असतें. जो पाठ सलग उपलब्ध आहे तोच राखावा, आणि त्याखालील जुन्या नळ्या पुरावा म्हणून जपाव्या, हा पोथीसंशोधनाचा नियम येथेंही लागू पडतो.

खरा धोका उपासना थांबण्यांत नाहीं. तो आहे वादन थांबण्यांत. नगरानें चार शतकें पत्करलेली जबाबदारी पुढें चालली पाहिजे. मुकें राहिलेलें वाद्य हें न वाचलेल्या दप्तरासारखेंच होय. त्यास वाळवी प्रथम लागते.