जिवंत पेशींचा संवेदक : एक मूल्यमापन

गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. खोडकिडा, तुडतुडे, गादमाशी यांच्या बंदोबस्तासाठी धानावर औषध फवारले जाते. पावसाबरोबर त्याचा अंश बांधीतून बोडीत आणि बोडीतून तलावात उतरू शकतो. हे पाणी गावातच एखाद्या स्वस्त पट्टीने तपासता येईल काय? ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. एस. एफ. डिसूझा यांचे संशोधन या प्रश्नाच्या कसोटीवर पाहण्यासारखे आहे.

त्यांच्या आरंभीच्या कामात यीस्ट ठळकपणे दिसते. यीस्टच्या पेशीत कॅटलेज हे विकर असते. विकर शुद्ध करून वेगळे काढणे खर्चाचे असते. मग पेशीच जागच्या जागी बांधून का वापरू नये? १९८० साली डिसूझा व नाडकर्णी यांनी कॅटलेजयुक्त यीस्टपेशी अशा स्थिर केल्या. १९८६ मध्ये पॉलिइथिलिनइमाइन या पदार्थाचा लेप देऊन यीस्ट काचेवर चिकटविण्याची रीत प्रसिद्ध झाली. पेशीच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि लेपावर धन भार, म्हणून पेशी घट्ट बसतात. कल्पना साधी, पण पुढचे बरेच काही तिच्यावर उभे आहे.

२००१ साली डिसूझा यांनी सूक्ष्मजीवी संवेदकांचा विस्तृत आढावा घेतला. पूर्ण पेशी स्वस्त व टिकाऊ असते, पण पेशीभित्तीतून पदार्थ आत जाण्यास वेळ लागतो. शिवाय पेशीत अनेक विकरे असल्याने ती नेमक्या एकाच पदार्थाला दाद देईल याची खात्री नसते. या उणिवाही त्यांनी मांडल्या आहेत, हा या लेखनाचा मोठा गुण.

२००६ साली जितेंद्र कुमार, झा व डिसूझा यांचा प्रकाशीय संवेदक प्रसिद्ध झाला. काचतंतूंच्या गाळणकागदावर फ्लॅव्होबॅक्टेरियम जीवाणू बसविलेले. त्यांच्यातील विकर मिथाइल पॅराथिऑनचे विघटन करते व पॅरानायट्रोफिनॉल हा पिवळा पदार्थ तयार होतो. त्याने ४१० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश किती शोषला, यावरून कीटकनाशकाचे प्रमाण कळते. गाळणकागद एकदा वापरून टाकून द्यायचा.

आता कसोटी. या संवेदकाची अंदाजित किमान मर्यादा ०.३ मायक्रोमोलर आहे. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात मिथाइल पॅराथिऑनची मर्यादाही ०.३ च दिली आहे. पण ती लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम! या पदार्थाचे रेणुभार सुमारे २६३. म्हणजे ०.३ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला सुमारे ७९ मायक्रोग्रॅम, मानकाच्या अडीचशे पटींहून अधिक. त्यातही सरळ आलेख मिळतो तो ४ ते ८० मायक्रोमोलर या टप्प्यात. तेव्हा पट्टी पिवळी झाली तर पाणी नक्की दूषित. पण पिवळी झाली नाही म्हणून ते पिण्यास योग्य, असे म्हणता येणार नाही. हा भेद विसरल्यास स्वस्त साधन धोक्याचे ठरेल.

दुसरी मर्यादा रंगाची. क्लोरपायरिफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस यांच्या विघटनातून पॅरानायट्रोफिनॉल निघत नाही. मिथाइल पॅराथिऑनवर तर भारतात २०१८ साली बंदी आली. शत्रू बदलला की पहारेकरीही बदलावा लागतो.

येथे यीस्टचे जनुकशास्त्र मदतीला येते. १९९६ साली यीस्टच्या संपूर्ण जनुकसंचाची क्रमवारी हाती आली. त्याच वर्षी रूटलेज व सम्प्टर यांनी मानवी इस्ट्रोजेन-ग्राहीचे जनुक घातलेले यीस्ट वापरून चाचणी प्रसिद्ध केली. इस्ट्रोजेनसारखा पदार्थ भेटला की माध्यमाचा पिवळा रंग लाल होतो. पेशीला काय ओळखायचे ते शिकविता येते, हे यातून दिसले. डिसूझा यांच्या परंपरेने पेशी बांधून ठेवण्याची कला दिली. तिला अशा शिकविलेल्या पेशींची जोड मिळाली, तर बोडीकाठची पट्टी अधिक जवळ येईल.

शिक्षकांनी वर्गात एवढे करावे : ताजे यीस्ट आणि उकळून थंड केलेले यीस्ट यांवर औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे. एकीकडे फेस येईल, दुसरीकडे नाही. मग फळ्यावर दोन्ही ०.३ लिहून त्यांतील मोठे कोणते, असे विचारावे. एकक विचारल्याशिवाय उत्तर न देणारा विद्यार्थी विज्ञान शिकला, असे समजावे.