गणिताच्या मास्तरांचे गद्य

वादग्रस्त माणसांचे आपल्याकडे एक ठरलेले भविष्य असते. हयातीत दगड, मागाहून हार. दगड मारणाऱ्याने त्यांचे लेखन वाचलेले नसते आणि हार घालणाऱ्यानेही नसते! १९३० नंतरच्या दशकात र. धों. कर्वे यांच्याइतके शिव्याशाप झेललेला मराठी लेखक विरळाच. आज ते ‘द्रष्टे’ ठरले आहेत. २००१ साली त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपटही आला. पण लेखक म्हणून कर्वे कसे होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

कर्वे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि त्यापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी गमावली. १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मात्र त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, नेटाने चालविले.

या मासिकाचे जुने अंक चटकदार काही सापडेल म्हणून उघडणाऱ्या वाचकाची निराशा होते. ‘शारदेची पत्रे’ या सदरात उपरोधाची धार आहे. एरवी सारा कारभार रोकडा. विधान, कारण, निष्कर्ष! शृंगार मराठीला नवा नव्हता. लावणीने तो डोळे मिचकावून सांगितला होता. त्याचा निषेधही नवा नव्हता. तो कीर्तनकाराने केला होता. पण स्त्रीपुरुषसंबंधांविषयी फळ्यावर उदाहरण सोडवावे अशा थंड आवाजात बोलणे नवे होते. माझ्या मते लोक बिथरले ते या आवाजामुळे. चावटपणाला हसून सोडून देता येते. तर्काला उत्तर द्यावे लागते.

उत्तराऐवजी खटले आले. १९३१ साली एक, १९३४ साली दुसरा. दुसरा तर वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून! डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक विषयावरचे लिखाण तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, असे त्यांनी मांडले. तरी दंड झालाच.

परंतु कर्व्यांच्या गुणातच त्यांचा दोषही आहे. सिद्धता बिनचूक असली की वाचकाला ती पटलीच पाहिजे, असा त्यांचा भाबडा विश्वास दिसतो. माणसाची लाज, भीती, घरातली कुचंबणा यांना त्यांच्या समीकरणात फारशी जागा नाही. ज्या गृहिणीची बाळंतपणातून सुटका व्हावी म्हणून ते लिहीत, तिच्यापर्यंत हा शुष्क युक्तिवाद कितीसा पोहोचला असेल?

त्यांचे वडील महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. पश्चात्तापाला समाजाला तेवढी सवड मिळाली! मुलगा ७१ व्या वर्षीच गेला. सरकारी कुटुंबनियोजन जेमतेम आदल्या वर्षी, १९५२ साली, सुरू झाले होते.

अशा लेखकाला हार नको, वाचक हवेत. दिवाळीचा फराळ चालू असताना दिवाणखान्यातल्या टेबलावर, या अंकाच्या शेजारी, ‘समाजस्वास्थ्य’चा एखादा जुना अंक आपण आज उघडा ठेवू का? पाहुणे आले की तो उशीखाली जाणार असेल, तर तो खटला अजून निकाली निघालेला नाही.