समता की सक्तीची सरासरी? : ‘हॅरिसन बर्जरॉन’ या कथेचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट (१९२२–२००७) यांची ‘हॅरिसन बर्जरॉन’ ही उपरोधिक विज्ञानकथा १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. समतेचा आग्रह अखेर गुणवत्तेच्या मुळावर येतो, याचा पुरावा म्हणून तिचा वारंवार उल्लेख होतो. हे वाचन कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या समताविचाराच्या आधारे केली आहे.

कथेतील समताव्यवस्था :
कथा २०८१ सालात घडते. घटनेच्या २११, २१२ व २१३ व्या दुरुस्त्यांनी सर्वांना सर्व बाबतींत समान केले आहे. बुद्धिमान जॉर्जच्या कानातील यंत्र कर्कश आवाजाने त्याची विचारशृंखला तोडते; गळ्यात ४७ पौंड वजनाची शिशाच्या छऱ्यांची पिशवी आहे. नर्तिकांच्या अंगावर वजने आणि चेहऱ्यांवर मुखवटे आहेत. जॉर्जचा १४ वर्षांचा मुलगा हॅरिसन आपल्यावरील ३०० पौंडांचे ओझे झुगारून दूरचित्रवाणीवर नृत्य करतो आणि शासनाच्या गोळीला बळी पडतो. ते पाहून रडलेल्या आईला आपण का रडलो, हे आठवत नाही.

उपरोधाचे लक्ष्य :
हॅरिसनला गोळी घालणाऱ्या अधिकारी डायना मून ग्लॅम्पर्स यांचा नेम मात्र अचूक आहे. सर्वांना दुबळे करणारी सत्ता स्वतः दुबळी होत नाही. दुसरीकडे, बंधने तोडण्यापूर्वीच हॅरिसन स्वतःला सम्राट घोषित करतो. लेखकाचा उपरोध दोघांनाही सोडत नाही. २००५ मध्ये कॅन्सस राज्यातील शालेय निधीच्या खटल्यात समान निधीच्या विरोधात या कथेचा आधार घेतला गेला, तेव्हा व्हॉनेगट यांनीच असहमती दर्शविली. कथा बुद्धी व प्रतिभेविषयी आहे आणि संपत्ती हा त्यांचा पुरावा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

आंबेडकरी दृष्टी :
‘जातिप्रथेचे विध्वंसन’ (१९३६) या प्रबंधात डॉ. आंबेडकर माणसांतील नैसर्गिक भेद नाकारत नाहीत. आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वप्रयत्न या तीन कारणांनी माणसे असमान ठरतात, असे ते सांगतात. प्रयत्नांतील फरकानुसार वेगळी वागणूक समर्थनीय ठरू शकेल. परंतु जन्म व वारसा यांचा लाभ ज्यांना आधीच मिळाला आहे, त्यांच्याशी होणाऱ्या शर्यतीत आरंभरेषा शक्य तितकी समान हवी, हा त्यांचा युक्तिवाद आहे. व्हॉनेगटच्या शासनाचा रोख नेमका उलट आहे. ते वेगवान धावकाच्या पायात बेडी घालते. मागे राहिलेल्याला मात्र काहीच देत नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यात ही आरंभरेषाच पुढे सरकली. कोणाचीही बुद्धी खुंटविली गेली नाही.

भारतीय वाचकाला येथे महाभारतातील एकलव्य आठवणे स्वाभाविक आहे. त्याचा अंगठाही प्रतिभेवर लादलेले अपंगत्वच होते. मात्र ते समतेसाठी नव्हे, तर अर्जुनाचे श्रेष्ठत्व अबाधित राहावे म्हणून. प्रतिभेचा संहार करण्यासाठी समतेची गरज नसते. विषमतेने ते कार्य शतकानुशतके केले आहे.

समारोप :
‘हॅरिसन बर्जरॉन’ ही समतेची नव्हे, तर समतेच्या नावाने चालणाऱ्या सक्तीच्या सरासरीची चिकित्सा आहे. जातिव्यवस्थेने कोणाच्या गळ्यात किती वजन बांधले, हा प्रश्न टाळून ही कथा शिकविल्यास तिचा उपरोध बोथट होतो. तो प्रश्न विचारला, तर ही परकीय कथा आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या अनुभवाशी थेट जोडली जाते.