पिढीभेद की पदभेद? : कार्यप्रशिक्षणार्थी तरुणांच्या संदर्भात

कार्यालयातील प्रशिक्षणार्थी तरुणांच्या वर्तनाची मीमांसा हल्ली सर्रास जन्मवर्षावरून केली जाते. वस्तुतः केवळ समवयस्कता म्हणजे पिढी नव्हे, असे प्रतिपादन कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ मध्येच केले होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’ची वयोमर्यादाच १८ ते ३५ होती. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत प्रारंभी सहा महिने. अठरा वर्षांच्या मुलीची ही पहिलीच पायरी. स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे गेलेल्या चौतिशीतील पदवीधराची कदाचित शेवटची. ज्येष्ठ लिपिकाच्या लेखी मात्र दोघेही ‘आजची पिढी’! सहा महिन्यांनी सोडावयाच्या टेबलावरील फायलींत त्यांनी जीव कसा गुंतवावा, हा प्रश्न पिढ्यांच्या या नामावळीत कोठेच येत नाही.