भिंतीवरचं चित्र आणि घरातला माणूस



मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, अमूर्त चित्र समजतं की नाही ते राहू द्या, पण ते घरात लावायचं कशाला?" तेव्हा मी काहीतरी उडवाउडवीचं बोललो. घरी जाताना मात्र लक्षात आलं, की चाळीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवूनही या प्रश्नाचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. आज प्रयत्न करतो. आणि एकाच चित्राबद्दल बोलतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

चित्र मार्क रॉथको यांचं आहे. १९५६ सालचं. नाव साधंच, 'ग्रीन अँड टँजरीन ऑन रेड', म्हणजे लालवर हिरवा आणि नारिंगी. उंची जवळजवळ आठ फूट, रुंदी पावणेसहा. लाल पृष्ठभागावर वर गडद हिरव्याचा मोठा आयत, खाली नारिंगीचा लहान. बस्स, एवढंच. पण 'एवढंच' हे छापील चित्र पाहून म्हणता येतं. मूळ चित्रासमोर उभं राहिलं, की पहिल्यांदा कडा दिसतात. त्या रेघ मारल्यासारख्या नाहीत. ओल्या कागदावर शाई पसरावी तशा विरत जातात. रंग अतिशय पातळ करून थरावर थर दिलेले, त्यामुळे हिरव्याच्या आतून खालचा लाल कुठे कुठे श्वास घेतो. थोडा वेळ थांबलं, की नारिंगी पुढे येतो, हिरवा मागे जातो, आणि मग उलटंही होतं. चित्र हलत नाही, आपली नजर हलत असते. पण ती हलवतं ते चित्रच.

रॉथको यांनी या चित्राबद्दल डंकन फिलिप्स यांना सांगितलं होतं, की खालचा नारिंगी म्हणजे जगण्याची नेहमीची, सुखाची बाजू मानता येईल आणि वरचा गडद रंग म्हणजे आपल्या डोक्यावर कायम असणारे चिंतेचे ढग. मी हे विद्यार्थ्यांना कधी आधी सांगत नसे. एकदा सांगितलं, की लोक चित्र बघायचं सोडून ढग शोधायला लागतात.

हे डंकन फिलिप्स कोण? वॉशिंग्टनचे संग्राहक. त्यांनी १९२१ साली आपल्या राहत्या घराचं संग्रहालय केलं. त्या घराला जोडून जी नवी इमारत झाली, तिथे १९६० पासून रॉथको यांच्या चित्रांची एक स्वतंत्र खोली आहे. खोली मोठी नाही. चार भिंती, चार चित्रं. रॉथको ती पाहायला आले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सुचवल्या: उजेड कमी करा, आणि बाकीची आसनं काढून एक बाक ठेवा. बघा, चित्रकार रंगाबद्दल काही बोलत नाही, माणूस कुठे बसेल याबद्दल बोलतो. त्यांची चित्रं इतकी मोठी का, यावर त्यांचं म्हणणं असं, की ती भव्य दिसावीत म्हणून नव्हे, तर जवळीक व्हावी म्हणून. लहान चित्र आपण बाहेर उभं राहून बघतो, मोठ्या चित्राच्या आपण आत असतो. म्हणून ती जमिनीलगत लावायची, जवळून बघायची.

आता घराकडे येऊ. न्यूयॉर्कच्या या चित्रकारांचं आणि घराचं नातं सुरुवातीपासून आहे. पेगी गुगेनहाइम यांनी १९४३ साली जॅक्सन पोलॉक यांच्याकडून चित्र करून घेतलं ते आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी. वीस फूट लांब! सल्ला देणारे होते मार्सेल द्यूशाँ. ते म्हणाले, भिंतीवर नको, कॅनव्हासवर करा, म्हणजे घर सोडताना बरोबर नेता येईल. घर बदलणाऱ्या माणसाचा किती व्यवहारी विचार! पण लगेच दुसरी बाजूही दिसू लागली. १९५१ मध्ये 'व्होग' मासिकानं पोलॉकच्या चित्रांपुढे फॅशनचे कपडे घातलेल्या मॉडेल उभ्या करून फोटो छापले. पुढच्याच वर्षी समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग यांनी या चित्रकारांची बाजू मांडताना बजावलं, की यातली जोखीम निघून गेली तर उरेल तो फक्त भिंतीचा कागद. गंमत अशी, की कांटनं १७९० मध्येच मुक्त सौंदर्याची उदाहरणं देताना भिंतीच्या कागदावरची वेलबुट्टी सांगितली होती. तिथे ते कौतुक होतं, इथे शिवी आहे. सोफ्याच्या कापडाला मॅचिंग म्हणून अमूर्त चित्र घेणारे लोक नकळत कांटच्या बाजूचे आणि रॉथकोच्या विरुद्ध असतात.

रॉथको तर या बाबतीत फार कडवे. न्यूयॉर्कमधल्या एका महागड्या रेस्तराँसाठी १९५८ मध्ये त्यांनी काम घेतलं, चित्रं केली, मग तिथे जेवायला जाऊन आले आणि पैसे परत करून टाकले. जेवणाऱ्यांच्या पाठीमागची शोभा होणं त्यांना मंजूर नव्हतं.

मग अडचण खरी कुठे आहे? आपल्याकडे अभिनवगुप्तानं रसाची सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणं. मुलाची फी भरायची आहे, गुडघा दुखतो आहे, अशा माणसापर्यंत रस पोचत नाही. उपाय काय, तर गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप. नाटकाची जागा माणसाला त्याच्या घरातून उचलते. संग्रहालयही तेच करतं. आणि घर? घर म्हणजे तर आपल्या सुखदुःखाची राजधानी. म्हणजे शास्त्राप्रमाणे चित्र बघायला सगळ्यात वाईट जागा घर! हा आक्षेप मी वर्गात मोठ्या आत्मविश्वासानं मांडत असे.

आता थोडं घरचं सांगतो. मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा ही खोली पाहिली आणि या चित्राचं पोस्टर आणलं. काच लावून फ्रेम केलं, आणि लावलं कुठे? दाराच्या चौकटीच्या वर, जरा पुढे कलतं. कारण आपल्याकडे आजोबांची तसबीर तशीच लावतात! नमस्कारासाठी ते ठीक, बघण्यासाठी नाही. दहा वर्षं ते तिथे होतं. मी त्यावर दोन व्याख्यानं दिली, पण घरात एकदाही त्याच्यासमोर बसलो नाही. पत्नी म्हणायची, "तुमचं चित्र तुम्हीच बघत नाही."

पुढे ती आजारी पडली. पलंग हॉलमध्ये आणावा लागला. एके दिवशी म्हणाली, "अहो, ते जरा खाली घ्या ना. वर बघून मान दुखते." मी ते काढून समोरच्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या पातळीला लावलं. ट्यूब काचेत दिसायची म्हणून बंद केली, कोपऱ्यातला दिवा लावला. आणि तिच्याजवळ खुर्ची टाकून बसलो. खाली लावा, उजेड कमी करा, बसायला जागा ठेवा. पुस्तकात वाचलेलं सगळं घरात झालं, पण सौंदर्यशास्त्रामुळे नाही, मानदुखीमुळे. आठ महिने आम्ही दोघं तसे बसलो. तिला त्यात काय दिसायचं ते मी विचारलं नाही. हे मला आज लागतं.

ती गेल्यावर प्रश्न पडला, की मला आता दिसतं ते चित्र की तिचं आजारपण? एखाद्या कॅलेंडरवरही माझ्या आठवणी अशाच चिकटल्या असत्या. समीक्षकानं एवढा संशय स्वतःवर घ्यायलाच हवा. दोन वर्षांनी मी वॉशिंग्टनला परत गेलो, त्या बाकावर बसलो, आणि चकित झालो. रंग वेगळेच होते! पश्चिमेच्या उन्हानं माझ्या पोस्टरचा लाल फिकट गुलाबी झाला होता, हिरवा निळसर. मोठमोठ्यांचंही असं झालंय म्हणा. हार्वर्ड विद्यापीठात १९६४ मध्ये लावलेल्या रॉथकोच्या चित्रांचा लाल खिडकीतल्या उन्हानं उडाला, १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. २०१४ मध्ये प्रकाशझोत टाकून मूळ रंगांचा भास घडवून ती पुन्हा दाखवली.

म्हणजे मी ज्या रंगांवर जीव लावला होता ते रॉथकोचे नव्हतेच. मग काय होतं? वरचं जड आणि खालचं उजळ यांचं ते एकमेकांना न ढकलता शेजारी राहणं. ते प्रमाण छपाईतही उरलं होतं. आणि ते मला बाकावर बसल्यावर, आठवण बाजूला ठेवूनही, ओळखू आलं. इथे मला अभिनवगुप्ताच्या आक्षेपाला उत्तर सापडतं, निदान अर्धं. एका संध्याकाळच्या नाटकाला स्वतःचं दुःख विघ्न ठरतं, कारण वेळ थोडा असतो. घरात वेळ असतो. दुःख येतं, चित्राला झाकतं, ओसरतं. चित्र तिथेच असतं. संग्रहालय आपल्याला एकाग्रता देतं, घर सहवास देतं. आपले गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत, कॅनव्हासपुढे नुसते बसून राहत. ज्या चित्राला करायला इतका वेळ लागतो, ते बघायला पाच मिनिटं पुरतील असं आपण का मानावं?

तर त्या बाईंना माझं उत्तर असं. अमूर्त चित्र घरात जरूर लावा, पण आधी खुर्ची कुठे ठेवणार ते ठरवा. बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं लावा. उन्हापासून दूर, आजूबाजूला भिंत मोकळी. आणि जमलं तर प्रसिद्ध चित्राचं पोस्टर घेऊ नका; कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनात जा, एखाद्या विद्यार्थ्याचं हातानं केलेलं लहानसं चित्र घ्या. त्यात रंगाचे थर तरी खरे असतील.

माझ्याकडे अजून ते पोस्टरच आहे. पाहुणे विचारतात, "रॉथको का?" मी म्हणतो, "नाही हो, उन्हानं उडालेलं पोस्टर आहे. बसा ना, इथून नीट दिसतं."

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.